खंडूभावजींचं परस्थान

ताडपत्रीला काजं करायची म्हणून मी दाभण-सुतळी घेऊन अंगणात बसले होते. मार्गशीर्षातलं ऊन पाठीला गोड लागत होतं. समोर शेडात आमची जीप बॉनेट उघडून उभी होती, आन् मालक तिच्या पोटात डोकं घालून काहीतरी पिळत होते. मालक म्हणजे आमचे हे, जयसिंगराव. शेजारी रंभा कॅनव्हासच्या पिशव्यांत पाणी भरून कुठं गळतंय का बघत होती. शहात्तर साल होतं. असल्या दुपारी भ्यावं असं काही नसतं. म्हणून तर मी तिथनंच सांगायला घेते.

अक्षराची आन् माझी ओळख नाही. पण कुठली वस्तू कुठं ठेवली, कोण कधी काय बोललं, हे मी विसरत नाही. मालक जीपमधल्या सामानाची यादी पेन्सिलीनं लिहायचे आन् मी ती तोंडानं दुरुस्त करायची. उभ्या जन्मात मी एकच वस्तू विसरले. ती नेमकी त्या जीपमध्ये होती.

ती जीप मालकांची आन् खंडूभावजींची, दोघांची. दोघं मिल्ट्रीत ड्रायव्हर, दोघं आमच्या निमोण्याचेच. एकाहत्तरच्या लढाईत एकाच गाडीवर राजस्थानच्या वाळूत राहिले. तिथं जैसलमेरच्याही पलीकडं वाळूची एक टेकडी आहे म्हणायचे. सांज झाली, वारा पडला की ती टेकडी घुमायला लागते. कशी, विचारलं तर खंडूभावजी म्हणायचे, पहाटं घराघरातनं जाती फिरायला लागल्यासारखी. "पेन्शन घेऊन येऊ द्या, वैनी. तुम्हा दोघींना त्या टेकडीपुढं बसवून च्या पाजतो." दोघींना म्हणजे मला आन् त्यांच्या बायकोला, रंभाला.

पेन्शनीत आले आन् दोघांनी मिल्ट्रीच्या डिपोच्या लिलावातनं ही मोडकी जीप आणली. आणली तेव्हा तिच्या मागच्या फळीखाली कोंबडीची अंडी सापडली होती. भावजी म्हणाले, गाडी चालू नसली तरी दूधदुभत्याची आहे.

आता परस्थान म्हणजे काय ते सांगते. लांबच्या वाटेला जायचं ठरलं की चांगला दिवस बघून मूठभर तांदूळ, एक सुपारी आन् हळकुंड घ्यायचं, आपल्याच अंगावरच्या कापडाच्या तुकड्यात बांधायचं, आन् ती पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग माणूस महिनाभर घरात बसून राहिला तरी तो निघालाच असं धरायचं. जाताना पुरचुंडी संगं घ्यायची आन् मुक्कामाला पोचल्यावर गाठ सोडायची. जाणं मोडलंच, तर घरच्या माणसानं गाठ सोडून तांदूळ वाहत्या पाण्यात सोडायचे. नाहीतर निघालेला माणूस वाटेतच राहतो.

पंच्याहत्तरच्या चैत्रात खंडूभावजी पुरचुंडी घेऊन आमच्या दारात आले. खाकी शर्टाच्या खालच्या टोकाचा तुकडा, आन् वर ट्रकच्या दोराला मारतात तसली गाठ. दोन येढे आन् एक कान बाहेर. म्हणाले, "वैनी, माझं परस्थान तुमच्या घरी. माझं पाऊल निघालं बघा." मी भाकरी थापत होते. हात पिठाचे. मी म्हटलं, गाडीतच ठेवा की, ती बी आता आपलं घरच हाय. ते हसले आन् डाव्या शिटेखालच्या हत्याराच्या पेटीत पुरचुंडी टाकून गेले.

परस्थान घरात ठेवायचं असतं, कारण घर हलत नाही. एवढं साधं मला त्या वेळी सुचलं नाही.

आठव्या दिवशी भावजींना ताप भरला आन् तापातच ते गेले. त्या रडारडीत पुरचुंडी माझ्या डोक्यातनं साफ पुसली गेली.

पुढं दीड वर्ष जीप शेडात उभी. रंभा रानात जायची, यायची, पण हसायची थांबली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई, तोंडात सदा कुणाची तरी नक्कल असायची, ती मुकी झाली. एकदा दळण घेऊन आली आन् शेडाकडं बघत उभी राहिली. मला म्हणाली, "आक्का, ती टेकडी खरंच घुमत आसंल का गं?"

मी ते मालकांच्या कानावर घातलं. मालक चार दिवस शेडात जाऊन जीपभोवती फिरले. मग म्हणाले, जाऊ. पण वाळूत एका ड्रायव्हरनं गाडी घालायची नाही हा मिल्ट्रीचा नियम. दुसरा ड्रायव्हर पाहिजे, आन् त्यांचा दुसरा तर गेलेला. परका माणूस ते घेणार नाहीत. दुसरा नाही तर जाणं नाही.

रंभा उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. खाली बघूनच म्हणाली, "मी शिकते, दाजी."

मालकांनी पौषातल्या संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तेवढ्यात शिकली तर जाऊ, नाहीतर जीप विकू. आता कळलं ना, त्या दुपारी मी कसल्या घाईनं काजं करत होते? मला टेकडी बघायची होती, खोटं कशाला बोलू. पण रंभाला हसताना बघायचं होतं त्याहून जास्त.

गावात बोलणं होणारच. गल्लीतली झुंबरबाई पाण्याला जाता-जाता म्हणाली, पांढऱ्या कपाळाची बाई आन् मोटार हाकतीय. रंभा स्टेरिंगवरनं म्हणाली, "मावशी, मागं फळीवर जागा हाय. बसताय का? हंडा बी बसंल." झुंबरबाई हंडा घेऊन अशी पळाली की निम्मं पाणी रस्त्यावर.

शिकवताना पहिल्या दिवसापासनं एक नवल होतं. रंभा उजवीकडं स्टेरिंगला, आन् शिकवणारा डावीकडं बसणार. पण मालकांना त्या डाव्या शिटेवर बसवेचना. एवढा अंगानं किडकिडीत माणूस, आन् म्हणायचे मांडी अडकतेय, जागाच पुरत नाही. शेवटी मागच्या फळीवर उकिडवे बसून पुढं ओरडायला लागले. डावी शीट मोकळीच राहायची. आन् जीप चालू झाली की पुढनं ओव्याचा वास यायचा.

खंडूभावजींनी विडी सोडली तेव्हापासनं ते खिशात ओवा ठेवायचे. दिवसभर चघळायचे. मी मनाशी म्हटलं, आपणच मघाशी थालीपिठात ओवा घातला असेल. घातला नव्हता.

चार दांडे एकदम बघून रंभा आधी घाबरायची. हँडब्रेकचा एक, गियरचा मोठा, आन् शेजारी दोन ठेंगणे. त्यातला एक पुढची चाकं जोडायचा, एक ताकद वाढवायचा. ते दोन्ही टाकले की चारी चाकं मिळून ओढतात. मालक म्हणायचे, रस्त्यावर हात लावू नको, वाळूत विसरू नको.

वाळूची शिकवणी घोड नदीच्या पात्रात. एका दुपारी मी काठावर चुलीसाठी लाकडं गोळा करत होते. पाण्याच्या कडेला जीपची मागची चाकं ओल्या वाळूत बसली. रंभा जितकी रेस करी तितकी जीप खाली जाई. मालक मागं दोन्ही हातांनी गजाला धरून ओरडत होते, पण इंजिनापुढं ऐकू जातंय कुणाला. रंभाचे दोन्ही हात स्टेरिंगवर, डोळे मिटलेले. आन् मी काठावरनं माझ्या डोळ्यांनी बघितलं… ते ठेंगणे दोन दांडे एकापाठोपाठ सरकले. सावकाश. कुणी सवयीनं सारावेत तसे. मग डावीकडच्या पत्र्यावर दोन थापा वाजल्या. धप्. धप्.

जीप वाळूतनं अलगद बाहेर आली.

मिल्ट्रीत शेजारी बसणारा अशाच दोन थापा मारतो. म्हणजे, जाऊ दे.

वर आल्यावर मालक म्हणाले, शाब्बास, दांडे बरोब्बर टाकलेस. रंभानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. तिच्या गालावर मला दीड वर्षानं खळी दिसली. मी भ्यायले होते, पण ती खळी बघून भीती गिळली.

मग सामान चढायला लागलं. म्हाळू सुतारानं लाकडी पेट्या बनवल्या, एकीत एक बसणाऱ्या. एकीत बाजरीचं पीठ, एकीत शेंगदाण्याची चटणी, कुरडया, गूळ, लसूण. एकीत स्टोव्ह आन् वाती. वर दोन जादा चाकं, हवेचा पंप, फावडं, दोरखंड, वाळूत चाकाखाली घालायच्या लोखंडी फळ्या. दोन्ही बाजूला पेट्रोलचे डबे. पुढं पाण्याच्या पिशव्या. मालकांनी चहाचे मग तीन घेतले. मी दुसऱ्या दिवशी मोजले तर चार. मालक म्हणाले, मी न्हाई घेतला. रंभा म्हणाली, मी बी न्हाई. तो चौथा मग कानाजवळ ढलपा उडालेला, रंभाच्या घरातला, भावजींचा. दीड वर्ष तो तिच्या फळीवर पालथा होता.

म्हाळूची तक्रार वेगळीच. पेट्या बसवून तो सपाटी बघायला पाणसळ लावायचा, आन् जीप डावीकडं कलायची. डावीकडचं पेट्रोल उजवीकडं घेतलं. तरी डावीकडं. चाकं उजवीकडं टाकली. तरी तसंच. शेवटी म्हाळू पाणसळ पिशवीत टाकत म्हणाला, "जयसिंगराव, तुमी आधी त्या डाव्या शिटेवरच्या माणसाला उतरवा, मग मला बोलवा." आन् आपल्याच बोलण्यावर हसला. आम्ही तिघं हसलो नाही.

मालकांच्या मनात खोट राहिली. चाकावरच्या स्प्रिंगांचे पाटे मोडले तर वाळवंटात कोण बघणार. म्हणाले, भरलेली जीप एकदा काट्यावर घालून बघू. दौंडला लाकडाच्या वखारीत मोठा काटा होता, त्यावर लाकडाच्या गाड्या तोलायच्या. आम्ही सकाळीच निघालो. रंभानं दौंडपर्यंत जीप चालवली, आन् भीमेच्या पुलावर समोरनं येणाऱ्या बैलगाड्यांना अशी सफाईनं वाट दिली की गाडीवान वळून-वळून बघत होते. मालक मागं फळीवर, मी त्यांच्या शेजारी पिठाच्या पेटीवर. डावी शीट मोकळी.

वखारीचा काटेवाला ज्ञानदेव. मालकांनी यादी काढली. रिकाम्या जीपचं वजन आम्ही डिपोच्या कागदावरनं घेतलं होतं, आन् वरची प्रत्येक वस्तू घरच्या तराजूवर तोललेली. तोलायच्या आधी मी हातानं उचलून वजन सांगायची, आन् तराजूला माझं ऐकावं लागायचं. आम्ही तिघं उतरलो. ज्ञानदेवानं काटा बघितला, आकडा सांगितला. मालकांचा चेहरा उतरला.

"किती जास्त?" मी विचारलं.

"बहात्तर किलो."

ज्ञानदेवानं काटा मोकळा करून, पुन्हा जीप घालून तोललं. काटा चोख होता. मालक यादीवर पेन्सिल फिरवत बसले. मग एकदम थांबले. हळूच म्हणाले, "पेन्शनीला निघताना आमची दोघांची शेवटची तपासणी एकाच दिवशी झाली. खंडूचं वजन…"

पुढं बोलायची गरज नव्हती. वखारीत करवतीचा आवाज चालू होता, लख्ख ऊन पडलं होतं, कुणीतरी चहा मागवत होतं. आन् जीपमधनं ओव्याचा वास येत होता.

तेव्हा मला आठवलं. पिठाचे हात, चैत्र, दारातले भावजी.  मी जाऊन डाव्या शिटेखालची पेटी उघडली आन् पान्ह्यांच्या खालून पुरचुंडी काढली. दीड वर्ष हत्यारांत पडलेली, पण तिला तेलाचा डाग नव्हता. कापड नुकतं धुतल्यासारखं. दोन येढे आन् एक कान बाहेर.

मी रंभापुढं हात जोडले. सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्यामुळं तुझा माणूस दीड वर्ष आमच्या शेडात अडकून राहिला गं.

मालक म्हणाले, आता एकच करायचं. भीमा जवळ आहे. रंभानं गाठ सोडावी, तांदूळ पाण्यात सोडावेत, त्याला मोकळं करावं. मग आपण जाऊ.

आम्ही नदीवर गेलो. रंभा पाण्यात घोट्याएवढी उतरली. पुरचुंडी तळहातावर घेऊन किती तरी वेळ उभी होती. मला तिची पाठ दिसत होती. पाठ हलायला लागली तसं मला वाटलं रडतेय, म्हणून मी पुढं झाले. ती हसत होती. डोळ्यांतनं पाणी गळत होतं आन् ती हसत होती.

"आक्का, पीठ घेतलं, चटणी घेतली, फावडं घेतलं. आन् ज्यानं ह्या समद्याचं सपान बघितलं, त्यालाच भीमेत उतरवून जाऊ व्हय?"

"अगं पण…"

"दाजींना दुसरा ड्रायव्हर पायजे हुता ना? मी आन् ह्ये, दोन झाले." तिनं पुरचुंडी पदरात बांधली आन् पाण्यातनं वर आली. "बहात्तर किलोचं काय ते बघा. गूळ कमी करा."

गूळ आम्ही कमी केला नाही. मालकांनी एका पाट्यात जादा पान घातलं आन् संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगूळ खाऊन आम्ही निघालो.

त्या वाटेवरचं सगळं सांगायला बसले तर आठ दिवस पुरायचे नाहीत. रोज सांजेला ताडपत्री ताणायची, स्टोव्ह पेटवायचा, चार मग मांडायचे. चौथ्यातला चहा आम्ही कुणी पीत नव्हतो, आन् मग धुवायला घेतला की तो रिकामा असायचा. मालक म्हणायचे, वाळवंटात पाणी लगेच उडतं. मी म्हणायची, मग आपल्या मगातलं का न्हाई उडत? ते दुसरीकडं बघून हसायचे. भीती होती. नाही कशी. पण मी लग्नापासनं इतकी हसले नव्हते. एका गावात बायका रंभाला बघायला धावत आल्या, तिच्या हातांना हात लावून बघत होत्या. ती त्यांना मालकांची नक्कल करून दाखवत होती, मागच्या फळीवर बसून ओरडतात ती.

शेवटचा टप्पा बिनरस्त्याचा. मालकांचे डोळे वाळूनं सुजले होते, तेव्हा स्टेरिंगला रंभा. तिनं दांडे टाकले, स्वतःच्या हातानं. डावीकडं दोन थापा वाजल्या.

टेकडीशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पहिल्या सांजेला टेकडी गप्प. दुसऱ्या सांजेलाही गप्प. मला वाटलं, दोघा गड्यांनी लढाईच्या धास्तीत काहीतरी ऐकलं असेल. तिसऱ्या सांजेला वारा पडला. आम्ही जीपच्या उजव्या अंगाला चहा घेत बसलो होतो. आधी पायाखाली कळलं, मग कानाला. घरघर… दूर कुठंतरी बाया दळायला बसल्यासारखी. मग जवळ. मग सगळीकडनं. शंभर जाती एकदम. रंभानं माझा हात धरला.

तिनं पदरातली पुरचुंडी सोडली, गाठ काढली आन् तांदूळ वाळूवर ठेवले. म्हणाली, "पोचलो बरं का."

त्याच वेळी जीपचा डावा पाटा कर्रर्र करून वर आला. एखादा माणूस उतरल्यावर येतो तसा. आम्ही तिघं उजवीकडं बसलेलो. मालक उठून पलीकडं गेले, आन् त्यांनी आम्हाला हाक मारली नाही, नुसता हात केला.

डाव्या पायरीपासनं बुटाची पावलं निघाली होती. एका माणसाची. सरळ टेकडीवर चढत गेलेली. परत आलेली नव्हती.

रंभा त्या पावलांकडं बघत म्हणाली, "मेला च्या तर पिऊन जायचा." आन् खळखळून हसली. ती जी हसायला लागली, ती मरेपर्यंत थांबली नाही.

परतीला दौंडला मालकांनी मुद्दाम जीप काट्यावर घातली. उरल्यासुरल्या सामानाच्या नव्या यादीत होतं तितकंच भरलं. ज्ञानदेवानं आमच्याकडं बघितलं, मग मोकळ्या डाव्या शिटेकडं. म्हणाला, "तवाचे चौथे पाव्हणे कुठं उतरले?"

आम्ही त्याला पाव्हण्यांचं कधी बोललो नव्हतो.

त्याला आता खूप वर्षं झाली. मालक गेले, मागनं रंभाही गेली. दोघं सुखानं गेली. जीप शेडातच आहे, चाकातली हवा गेलेली. परवा दुपारी पोरांना खिळे ठोकायला हातोडी पाहिजे होती म्हणून मी डाव्या शिटेखालची पेटी उघडली. हातोडीखाली एक पुरचुंडी होती. ताजी. हळदीचा वास येत होता. दोन येढे आन् एक कान बाहेर.

कापड हिरवं, बारीक काठाचं. मला ते ओळखीचं वाटलं, पण माझ्या अंगावरचं नव्हतं. मग ध्यानात आलं. पाडव्याला सुनेनं घेतलेलं लुगडं. मी त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. ट्रंकेत आहे, आन् ट्रंकेची किल्ली माझ्या कंबरेला. घरात जाऊन ट्रंक उघडली, घडी उलगडली. पदराचा एक कोपरा नव्हता.

मी पुरचुंडी होती तिथं ठेवून दिली. गाठ सोडली नाही. काल सकाळी मूठभर जास्त पीठ भिजवलं, दुधातल्या दशम्या केल्या आन् चटणी बांधून ठेवली. दुपारी शेडात डोकावले. सगळ्या जीपवर बोटभर धूळ, पण मागच्या फळीवर, पिठाच्या पेटीशेजारी, एका बाईला बसता येईल एवढी जागा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. अजून वाळायची होती.